बदललेलं बटण दुसऱ्या दिवशी पुन्हा जुन्यासारखं का होतं?

पावसाळा लागला की ही तक्रार सुरू होते ती चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, होईपर्यंत थांबत नाही. कीबोर्डचं एखादं बटण मेलेलं असतं, कोणीतरी त्याचं काम दुसऱ्या बटणाला लावून दिलेलं असतं, दिवसभर टायपिंग सुरळीत होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कंप्युटर चालू केला की पहिले पाढे पंचावन्न. मग पुन्हा लावायचं, पुन्हा जायचं.

मी गोव्यात डिचोली, साखळी, म्हापसा या बाजूच्या डीटीपी (कंप्युटरवर पानं जुळवणारे) आणि छपाईवाल्यांचे कंप्युटर बघतो. तिथे बहुतेक सगळीकडे विंडोज १० किंवा ११ आहे, म्हणून इथे मुख्य भर विंडोजवर. लिनक्सचं शेवटाकडे येईल.

या भागात मरणाऱ्या बटणांत सगळ्यात जास्त त्रास देतं ते डी. इंग्रजीवाल्याला डी गेला तर एक अक्षर जातं. इनस्क्रिप्ट, म्हणजे देवनागरीची ठरलेली कीबोर्ड मांडणी, वापरणाऱ्याचा पाय मोडायचा हलन्तच जातो, म्हणजे सगळी जोडाक्षरं गेली. शिफ्ट दाबून तिथेच ‘अ’ असतो, तोही गेला. थोडा वेळ निभावता येतं, कारण इनस्क्रिप्टमध्ये वरच्या आकड्यांच्या ओळीत शिफ्टसकट ५ वर ज्ञ, ६ वर त्र, ७ वर क्ष, ८ वर श्र आणि ३ वर रकार तयार मिळतो. त्यामुळे ‘श्री’ होतं, ‘महाप्रसाद’ होतो. पण ‘जत्रोत्सव’ लिहायला घ्या. त्र शिफ्ट ६ ने आला, पुढे ‘त्स’ला गाडी अडली. पत्रिका देवळाच्या कमिटीला संध्याकाळी हवी असते आणि पडद्यावर ‘जत्रोतसव’ दिसत असतं. कोंकणी देवनागरीत इनस्क्रिप्टने लिहिणाऱ्यांचंही हेच, डी त्यांचाही तोच.

आधी बटण खरंच मेलंय का ते बघा

स्वस्त कीबोर्ड उघडून बघितलात तर आत प्लॅस्टिकचे पातळ कागद दिसतील, त्यांवर विजेच्या रेघा छापलेल्या. आपल्याकडची दमट, खारी हवा त्या रेघांना खाते. बटणं जाळीसारखी आडव्या-उभ्या रेघांवर बसवलेली असतात, त्यामुळे एक रेघ तुटली की सहसा एकटं बटण जात नाही, त्या रेघेवरची तीनचार एकदम जातात. एका वेळी अशी बटणं गेली असतील तर हा लेख इथेच सोडा आणि नवा कीबोर्ड आणा. बटणं फिरवून, म्हणजे एकाचं काम दुसऱ्याला लावून, तुम्ही फक्त पुढची तक्रार लांबवाल, कारण ती रेघ अजून खाल्ली जाणारच आहे.

एकच बटण गेलं असेल तर विंडोजचा ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडा. खरं बटण दाबलं की पडद्यावरचं बटण उजळतं. डी दाबून काहीच उजळत नसेल तर बटणाकडून काहीच येत नाही. पक्की खात्री हवी असेल तर कंप्युटर चालू होताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर, जा आणि जिथे काही लिहिता येतं अशा रकान्यात, म्हणजे पासवर्डच्या वगैरे, बटण दाबून बघा. विंडोजमधला कुठलाही बदल तिथपर्यंत पोचत नाही. तिथेही गप्प, म्हणजे बटण मेलेलं.

बरेचदा मात्र बटण ठणठणीत असतं. उजवं शिफ्ट आठ सेकंद दाबून धरलं की विंडोज फिल्टर कीज चालू करायचं विचारतं, कोणीतरी न वाचता ‘हो’ म्हणतं, आणि मग पटकन दाबलेली बटणं धरलीच जात नाहीत. दुसरा प्रकार लेआउटचा, म्हणजे कुठल्या बटणाने कुठलं अक्षर यायचं त्या मांडणीचा. आपल्याकडे एकाच कंप्युटरवर इंग्रजी, मराठी, कोंकणी असं सगळं घातलेलं असतं, शिवाय विंडोज १० च्या २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिकही (इंग्रजी अक्षरांत उच्चार टाइप करून मराठी) मिळतं. डावं आल्ट आणि शिफ्ट चुकून एकत्र दाबलं गेलं की लेआउट बदलतो आणि ‘सगळी बटणं फिरली’ असा फोन येतो. खाली उजव्या कोपऱ्यात भाषेचं चिन्ह बघा, विंडोजचं बटण दाबून धरा आणि स्पेस मारा, योग्य लेआउटवर या. हे करूनही बटण गप्प असेल तरच पुढे वाचा.

बदल नेमका कुठे बसलाय?

बटण दाबल्यापासून अक्षर उमटेपर्यंत मध्ये बरेच टप्पे आहेत. कीबोर्ड फक्त एक आकडा पाठवतो, त्याला स्कॅनकोड म्हणतात. विंडोज त्या आकड्यावरून ‘हा डी’ असं ठरवतं. त्यानंतर चालू असलेला लेआउट बघून त्याचं ‘d’ करायचं की हलन्त, हे ठरतं. शेवटी ते अक्षर तुमच्या सॉफ्टवेअरला मिळतं. बटण फिरवणारं प्रत्येक साधन यांपैकी कुठल्यातरी एका टप्प्यावर बसतं, आणि तो टप्पा जेवढा टिकतो तेवढाच तुमचा बदल टिकतो. ‘परत गेलं’ची सगळी कारणं इथून निघतात.

बहुतेक जण मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉईज उतरवून घेतात, त्यातला कीबोर्ड मॅनेजर उघडतात आणि कॅप्स लॉक दाबलं की डी जावा असं लावतात. कॅप्स लॉक निवडणं शहाणपणाचं आहे, देवनागरीत मोठी-लहान अक्षरं नाहीत, डीटीपीत ते बटण धूळ खात असतं. ‘कॅप्स लॉक आता कुठल्याच बटणावर राहणार नाही’ अशी सूचना येते, ती मान्य करा. उजवं आल्ट मात्र या कामाला वापरू नका. इंग्रजी इंडिया लेआउटमध्ये रुपयाचं चिन्ह त्याच आल्टने आणि ४ ने येतं, आणि बिलं छापणाऱ्याला ते रोज लागतं.

पॉवरटॉईज चांगलं आहे, फुकट आहे, पण ते विंडोजमध्ये लॉगिन झाल्यावर चालू होणारं एक साधं सॉफ्टवेअर आहे. ते चालू असेल तोवरच बदल जिवंत. सकाळी बदल गायब असेल तर आधी घड्याळाजवळ त्याचं चिन्ह आहे का बघा. नसेल तर त्याच्या जनरल सेटिंगमधलं ‘स्टार्टअपला चालू करा’ बंद पडलेलं असतं. दुकानात दोन ऑपरेटर वेगवेगळ्या नावांनी लॉगिन करत असतील तर एकाने लावलेला बदल दुसऱ्याला मिळत नाही, कारण पॉवरटॉईज हे सगळं त्या त्या युजरच्या फोल्डरात ठेवतं. सकाळच्या ताईला चालतं, दुपारच्या दादाला नाही, आणि दोघंही एकमेकांकडे संशयाने बघतात.

लॉगिनच्या पडद्यावरही ते नसतं. पासवर्डात डी असेल तर आत शिरायलाच अडचण. तिथे कोपऱ्यातल्या ॲक्सेसिबिलिटीच्या चिन्हातून ऑन-स्क्रीन कीबोर्ड उघडतो, माऊसने डी दाबा. किंवा सरळ आकड्यांचा पिन ठेवा.

यापुढचा प्रकार लोकांना सगळ्यात जास्त गोंधळात टाकतो. नोटपॅडमध्ये कॅप्स लॉकने हलन्त येतो, डीटीपीच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र येत नाही. ते सॉफ्टवेअर नीट उघडत नाही म्हणून कधीतरी कोणीतरी त्याला ‘ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा’ अशी खूण करून ठेवलेली असते. साध्या हक्काने चालणारं पॉवरटॉईज ॲडमिनिस्ट्रेटरच्या खिडकीत हात घालू शकत नाही. तपासायला सोपं आहे. टास्क मॅनेजर उघडा, त्यात शोधायची जागा असेल तर तिथे कॅप्स लॉक मारून बघा. तिथेही चालत नाही आणि नोटपॅडमध्ये चालतं, तर कारण हेच. पॉवरटॉईजच्या सेटिंगमध्ये ‘नेहमी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा’ चालू करा. नाहीतर त्या जुन्या सॉफ्टवेअरची ती खूण काढून बघा, कित्येकदा तिची गरजच नसते.

याहून वैतागाचं म्हणजे कधी चालतं, कधी नाही. जुन्या फॉन्टांची डीटीपी सॉफ्टवेअरं आपला मराठी कीबोर्ड स्वतःच चालवतात. त्यांतली काही विंडोजमध्ये हूक, म्हणजे दाबलेलं बटण वाटेतच अडवून बघणारा गळ, टाकून बसतात, आणि पॉवरटॉईजही हूकच टाकतं. विंडोजमध्ये या हूकांची साखळी असते आणि जे हूक शेवटी लागतं त्याच्याकडे बटण आधी जातं, जत्रेच्या रांगेत शेवटी आलेल्याला पुजाऱ्याने आधी बोलवावं तसं. त्यामुळे आज पॉवरटॉईज आधी सुरू झालं आणि उद्या नंतर, एवढ्यानेही निकाल बदलतो. दोन्ही बंद करून एकेक चालू करा, क्रम उलटा करून पुन्हा बघा. क्रमाने फरक पडत असेल तर पॉवरटॉईजचा नाद सोडा आणि एक टप्पा खाली उतरा.

मेलेल्या बटणाला पक्की सोय

माझं मत स्पष्ट आहे: सोयीसाठी बटण फिरवायचं असेल तर पॉवरटॉईज, मेलेल्या बटणाची जागा भरायची असेल तर रजिस्ट्रीतला, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्यातला, स्कॅनकोड मॅप. तो विंडोज स्वतः वाचतं, कुठलंही सॉफ्टवेअर चालू ठेवावं लागत नाही. लॉगिनच्या पडद्यावर चालतो, ॲडमिनिस्ट्रेटरच्या खिडकीत चालतो, सगळ्या युजरना लागू होतो. शिवाय लेआउटच्या खालच्या टप्प्यावर असल्याने इंग्रजीत डी, मराठीत हलन्त, शिफ्टसकट अ, सगळं आपोआप जमून येतं.

हाताने लिहायचं नसेल तर शार्पकीज नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर आहे. डावीकडे कॅप्स लॉक, उजवीकडे डी निवडा, ‘राइट टू रजिस्ट्री’ दाबा, रिस्टार्ट करा. नंतर शार्पकीज काढून टाकलंत तरी बदल राहतो. तरीही आत काय लिहिलं जातं ते माहीत असलेलं बरं, कारण बिघाड शोधताना ते वाचावं लागतं.

रजिस्ट्री एडिटरमध्ये एचकी लोकल मशीन, सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, आणि मग ‘कीबोर्ड लेआउट’. इथे एक खड्डा आहे. त्याच्याच खाली ‘कीबोर्ड लेआउट्स’ असा अनेकवचनी फोल्डर असतो, त्यात भाषांची यादी असते. घाईत त्यात लिहिलं तर काहीच होत नाही आणि चूकही दाखवली जात नाही. बरोबरच्या फोल्डरात ‘स्कॅनकोड मॅप’ या नावाची, अर्थात इंग्रजी अक्षरांत आणि मध्ये एक जागा सोडून, बायनरी प्रकारची नोंद असते. कॅप्स लॉकने डी जायचा असेल तर तिच्यात हे २० बाइट असायला हवेत:

०० ०० ०० ०० ०० ०० ०० ००
०२ ०० ०० ००
२० ०० ३ए ००
०० ०० ०० ००

पहिली ओळ सगळी शून्यं. दुसरीत किती नोंदी आहेत ते, शेवटची रिकामी ओळ धरून, म्हणून एकाच बदलाला ०२. तिसऱ्या ओळीत खरं काम: २० हा डीचा कोड, ३ए (3A) हा कॅप्स लॉकचा. जे जायला हवं ते आधी, जे दाबायचं ते नंतर. बहुतेकांची गफलत इथेच होते, क्रम उलटा पडतो. तसं झालं तर मेलेल्या डीला कॅप्स लॉकचं काम मिळतं, म्हणजे कोणालाच काही मिळत नाही. दुसरा बदल वाढवताना मोजणी ०३ करायला विसरलात तर नवी नोंद धरलीच जात नाही.

रिस्टार्टच करा, शट डाउन करून पुन्हा चालू करू नका. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनमध्ये विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच उचलला जातो, नव्याने सगळं वाचलं जात नाही. दुकान बंद करताना शट डाउन, सकाळी चालू, आणि ‘काही झालंच नाही’ असा निरोप, असं पुष्कळदा ऐकायला मिळतं.

नोंद बरोबर लागली की त्या फोल्डरावर उजवं क्लिक करून ती एक्सपोर्ट करा आणि ती फाइल पेनड्राइव्हवर ठेवा. विंडोजचं मोठं अपडेट आलं किंवा कोणी विंडोज नव्याने टाकलं तर दोन क्लिकमध्ये परत येते. सरकारी किंवा बँकेच्या कंप्युटरवर मात्र हे करायला ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड लागतो, तिथे तिथल्या सिस्टिमवाल्यालाच सांगा.

बटण मेलेलं नसून आपोआप दाबलं जातंय

दमट हवेत हाही प्रकार होतो, ओळभर एकच अक्षर उमटत राहतं. त्या बटणाला स्कॅनकोड मॅपमध्ये ‘जायचं’च्या जागी ०० ०० दिलं की ते गप्प होतं. पण हा मॅप सगळ्या कीबोर्डांना एकसारखा लागतो. लॅपटॉपचं बिघडलेलं बटण गप्प केलंत आणि बाहेरून यूएसबी कीबोर्ड जोडलात, तर त्याचंही तेच बटण गप्प. विंडोजच्या स्वतःच्या सोयींत एकाच कीबोर्डापुरता मॅप लावता येत नाही. अशा वेळी लॅपटॉपच्या आतल्या कीबोर्डाची पट्टी दुरुस्तीवाल्याकडून सोडवून घेणं हाच सरळ मार्ग. एफएन (Fn) बटण फिरवण्यातही वेळ घालवू नका. ते बहुतेक लॅपटॉपांत आतल्या आतच हाताळलं जातं, विंडोजपर्यंत पोचतच नाही.

लिनक्सवर

लिनक्सवर हा आजार जास्त दिसतो, कारण नेटवरचे जुने सल्ले. एक्समॉडमॅप किंवा सेटएक्सकेबीमॅप या बटणं बदलायच्या कमांडांनी केलेला बदल त्या वेळेपुरता असतो. लॉगआउट केलं की गेला, यूएसबी कीबोर्ड काढून लावला की गेला. एक्समॉडमॅपचा बदल तर कीबोर्डचा लेआउट पुन्हा भरला गेला की लगेच पुसला जातो, आणि मराठी-इंग्रजी करताना आयबस, म्हणजे लिनक्सवर भाषा बदलणारं सॉफ्टवेअर, नेमकं तेच करू शकतं. म्हणजे मराठीवर गेलात की बदल गायब, आणि दोष मराठीला. वेलँडवर, म्हणजे जुन्या एक्सच्या जागी आलेल्या पडद्याच्या यंत्रणेवर, तर एक्समॉडमॅप कामाचंच नाही.

इथेही खालच्या टप्प्यावर उतरा. कीडी नावाची सेवा कर्नलकडून, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडून, येणारी बटणंच पकडते, त्यामुळे एक्स असो, वेलँड असो की नुसता काळा कन्सोल, सगळीकडे चालते. तिच्या फाइलीत दोन भाग असतात: वर आयडीजमध्ये कुठला कीबोर्ड, खाली मेनमध्ये कॅप्सलॉक बरोबर डी. आयडीजमध्ये नुसती * ही खूण म्हणजे सगळे कीबोर्ड. लॅपटॉपच्याच बिघडलेल्या कीबोर्डापुरतं हवं असेल तर कीडी मॉनिटर चालवा, बटण दाबा, त्याचा आयडी दिसेल, तो लिहा. विंडोजला न जमणारी गोष्ट इथे जमते.

रिस्टार्टनंतर कीडी दिसत नसेल तर सेवा नुसती ‘स्टार्ट’ केलेली असते, ‘एनेबल’ राहिलेलं असतं. फाइलीत काही भलतंच लिहून कीबोर्ड अडकला तर बॅकस्पेस, एस्केप आणि एंटर एकत्र दाबा, कीडी तिथल्या तिथे बंद होते. हे तीन बटणांचं आधी लक्षात ठेवा आणि मगच फाइल उघडा.

मॅक आपल्या बाजूच्या दुकानांत क्वचितच दिसतो. तिथे सेटिंगमधून बदललेली मॉडिफायर बटणं (कॅप्स लॉक, कंट्रोल यांसारखी) त्या त्या कीबोर्डापुरतीच असतात, कीबोर्ड बदलला की पुन्हा लावावी लागतात. हिडयुटिल या मॅकच्या कमांडने केलेला बदल रिस्टार्टला जातो.

नवा कीबोर्ड आल्यावर

पाऊस संपतो, मालक नवा कीबोर्ड आणतो, आणि आता उलटी तक्रार येते: नव्या कीबोर्डचं कॅप्स लॉक बिघडलेलं आहे, दाबलं की डी उमटतो, दुकानदाराला परत द्यायचा. कीबोर्डात काहीच बिघाड नसतो, जुना स्कॅनकोड मॅप रजिस्ट्रीत तसाच बसलेला असतो. ती एक नोंद पुसा, शार्पकीजने केलं असेल तर यादीतून काढून पुन्हा ‘राइट टू रजिस्ट्री’ दाबा, आणि रिस्टार्ट करा. पॉवरटॉईजमध्येही तोच बदल लावून ठेवलेला असेल तर तोही काढा, नाहीतर रजिस्ट्री साफ केल्यावरही डी उमटतच राहील आणि पुन्हा माझ्याकडे फोन येईल.